प्लेटमागच्या पंचासाठी मास्क, चेस्ट गार्ड, शिन गार्ड: काय बघून घ्यावं?

तेजस्विनी_एडिसन

नमस्कार मंडळी. माझी लेक चौदा वर्षांची आहे. लहानपणापासून सॉफ्टबॉल खेळते आणि या सीझनपासून आमच्या गावच्या लीगने तिला ज्युनिअर अंपायर म्हणून घेतलंय, प्लेटमागे (बॅटर उभी असते त्या जागेमागे) उभं राहायला. दहा वर्षांखालच्या मुलींचे सामने, ११ इंच घेराचा चेंडू, पिचर (चेंडू टाकणारी) ३५ फुटांवर. एप्रिलमध्ये सुरुवात.

लीगच्या शेडमध्ये अंपायरसाठी सामाईक साहित्य ठेवलेलं असतं. ते बघायला गेले तर चेस्ट प्रोटेक्टरमधल्या फोमचा भुगा हाताला लागत होता, मास्कचा पट्टा सैल पडलेला आणि गळ्यापुढची पट्टी गायबच. पोरीचं स्वतःचं साहित्य घ्यायचं हे तिथेच ठरवलं. तीनशे डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी आहे.

तिचं ऐकाल तर तिला काहीच नको आहे. "आई, लहान मुली आहेत गं, किती जोरात टाकणार?" हे पालुपद रोज चालू आहे. मला विचारायचंय ते असं: जुना जाळीचा मास्क घ्यावा की हॉकी गोलकीपरसारखं पूर्ण हेल्मेट? ती खेळायची तेव्हाचं कॅचरचं (बॅटरमागे बसून चेंडू पकडणारीचं) किट घरात आहे, ते चालेल का? आणि सगळं एकदम परवडलं नाही तर आधी काय घ्यावं? पुढे मुलांच्या बेसबॉललाही उभं राहायचा तिचा विचार आहे, तेव्हा दोन्हीकडे चालेल असं सुचवलंत तर बरं.

प्लेटमागचा

लेकीचं मनापासून कौतुक. या वयात मैदानात उभं राहून निर्णय द्यायला धाडस लागतं. मी कॅलिफोर्नियात हायस्कूल बेसबॉल आणि मुलींचं फास्टपिच (जोरात चेंडू टाकायचा सॉफ्टबॉल), दोन्हीकडे अंपायरिंग करतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तुमच्या लेकीच्या पालुपदाबद्दल, कारण हाच गैरसमज मी मोठ्यांकडूनही ऐकतो. प्लेट अंपायरचं पहिलं कवच म्हणजे त्याच्यापुढे बसलेला कॅचर. कॉलेजच्या सामन्यात कॅचर जवळजवळ प्रत्येक चेंडू अडवतो. तिथे अंपायरला लागतो तो बहुतेक वेळा बॅटची कड घेऊन आलेला फाउल, नाहीतर कॅचरने एक मागितला आणि पिचरने दुसराच टाकला तर सुटलेला चेंडू. दहा वर्षांची कॅचर नुकती कुठे ग्लोव्ह उघडायला शिकलेली असते. चेंडू जवळ आला की डोळे मिटते, ग्लोव्ह चुकीच्या बाजूला नेते, कधी चक्क बाजूला सरकते. मग मागे कोण? तुमची लेक. वयोगट जितका लहान तितका अंपायरला मार जास्त बसतो. चांगलं साहित्य अनुभवी अंपायरला आणि जुनंपानं नवख्या पोरांना, ही रीत अनेक ठिकाणी आहे, आणि मला ती मुळापासून उलटी वाटते.

दुसरं म्हणजे सॉफ्टबॉलला हलकं समजू नका. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम. मोठ्या मुलींचा १२ इंची सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅम. हिशेब केलात तर ताशी ६० मैलांनी आलेल्या सॉफ्टबॉलची ऊर्जा ताशी ६८ मैलांच्या आसपास आलेल्या बेसबॉलएवढी भरते. वर अंतर कमी. बेसबॉलचा मोठ्यांचा पिचर ६० फूट ६ इंचांवर असतो, तर फास्टपिचमधला महिलांचा ४३ फुटांवर. तिथून ६० मैलांनी निघालेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. डोकं बाजूला काढू म्हटलं तर तेवढा वेळच मिळत नाही, आणि काढूही नये. मास्कची रचना समोरून येणारा मार झेलण्यासाठी असते. तोंड फिरवलं की कान आणि मानेची बाजू उघडी पडते. लेकीला पहिल्या दिवसापासून हे शिकवा: चेंडू येतोय असं वाटलं तरी चेहरा पिचरकडेच. हात मांडीमागे किंवा कॅचरच्या पाठीआड. पुढे काढलेल्या हाताचं बोट मोडायला एक फाउल पुरतो.

आता कशावर किती खर्च. मी मास्कला सगळ्यात जास्त देईन, त्याच्या जवळपास चेस्ट प्रोटेक्टरला. शिन गार्ड मध्यम घेतले तरी चालतात. बूट सुरुवातीला साधे चालतील, पण पुढचं टोक कडक हवं. फास्टपिचमध्ये खाली पडणारे चेंडू खूप येतात आणि ते नेमके पायाच्या बोटांवर आदळतात. मुलींसाठी पेल्विक गार्ड (ओटीपोटाखालचा भाग झाकणारा) मिळतो. तो स्वस्त असतो आणि बहुतेक जण विसरतात.

मास्क घेताना लोक जाळीकडे बघतात, गादीकडे नाही. स्टील, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम आणि टायटॅनियम असे प्रकार आहेत. टायटॅनियमचा हलका असतो, दिवसात दोन-तीन सामने करणाऱ्याच्या मानेला त्याचा आराम मिळतो. पण हलका म्हणजे जास्त सुरक्षित नव्हे. तोच चेंडू हलक्या मास्कला जास्त वेगाने मागे ढकलतो, मग सगळी भिस्त गादीवर. चौदा वर्षांच्या मुलीला टायटॅनियमची काहीही गरज नाही. चांगल्या गादीचा पोकळ स्टीलचा मास्क घ्या आणि उरलेले पैसे चेस्ट प्रोटेक्टरकडे वळवा. पट्टा आवळून बांधायचा नाही. चेंडू बसल्यावर मास्क किंचित फिरला, सरकला, की धक्क्याचा काही भाग तिथेच संपतो.

गळ्याच्या पट्टीबद्दल वेगळं सांगतो. ६ सप्टेंबर १९७६ ला सॅन डिएगोमध्ये डॉजर्स या बेसबॉल संघाचा कॅचर स्टीव्ह यीगर आपल्या बॅटिंगची वाट बघत वर्तुळात उभा होता. बिल रसेलची बॅट तुटली आणि तिचे तुकडे यीगरच्या गळ्यात घुसले, अन्ननलिकेला इजा झाली. तो बरा होऊन परतला तेव्हा संघाचे ट्रेनर बिल ब्यूलर यांनी त्याच्या मास्कखाली लोंबती पट्टी बांधून दिली. आज सगळीकडे दिसते ती हीच. लिटल लीग या मुलामुलींच्या लीगच्या नियमात कॅचरच्या मास्कला ही लोंबती पट्टी सक्तीची आहे. मास्कची जाळी खाली वाढवलेली असली तरीही. मग तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मुलीच्या मास्कवर ती नसणं मला पटत नाही. पाच-दहा डॉलरची वस्तू आहे. शेडमधला मास्क लेकीच्या हातात देऊच नका.

अंबानगरी_सॉफ्टबॉल

छान धागा. मी अमरावतीला शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शालेय स्पर्धांत तालुक्यापासून विभागापर्यंत सॉफ्टबॉलला पंच म्हणून उभा राहतो. आमच्याकडे अंपायरचं वेगळं साहित्य ही कल्पनाच नाही. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कॅचरचं किट मागून घ्यायचं, डाव संपला की परत करायचं. डाव बदलला की किटही बदलतं. एक डाव घट्ट, एक डाव ढगळ. काही वेळा फक्त मास्क मिळतो.

ताईंनी कॅचरच्या किटबद्दल विचारलंय तोच माझाही प्रश्न आहे. कॅचरचं चेस्ट गार्ड आणि अंपायरचं यात खरंच फरक असतो, की दुकानदारांनी नाव बदलून किंमत वाढवलेली असते? आणि आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शिबिरं होतात, ऊन ४० च्या पुढे. त्या उन्हात हे सगळं अंगावर चढवून दोन तास उभं राहायचं कसं?

प्लेटमागचा

सर, फरक खरा आहे आणि तो दोघांच्या कामातून आलाय. कॅचरला चेंडू छातीवर अडवून पुढ्यात पाडायचा असतो, म्हणून त्याचं गार्ड मऊ. त्याला चेंडू फेकायचा असतो, म्हणून खांदा मोकळा सोडलेला. तो खाली बसलेला असतो, पुढे ग्लोव्ह असतो, म्हणून कॉलरबोनकडे तेवढं लक्ष दिलेलं नसतं. अंपायर कॅचरच्या खांद्याच्या आणि बॅटरच्या मधल्या फटीतून वाकून बघतो. नेमकी त्याची कॉलरबोन, खांदा आणि दंडाचा वरचा भाग उघडा पडतो. म्हणून अंपायरच्या चेस्ट प्रोटेक्टरला वर कडक प्लेटा, खांद्यावर झडपा, दंडावर पट्ट्या. चेंडू कुठे पडतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

शिन गार्डचंही तसंच. अंपायरचे अरुंद असतात, पँटच्या आत बसतात, आणि खाली बुटावर येणारी झडप लांब असते. कॅचरचे बाहेरून घालायचे, त्यांचे पंख रुंद. बकला बाहेरच्या बाजूला याव्यात हे दोन्हीकडे सारखं. आत आल्या की धावताना एकमेकींत अडकून माणूस तोंडावर पडतो.

उन्हाबद्दल: पूर्ण फोमच्या गार्डपेक्षा सुट्या प्लेटांचं गार्ड बरं, मधल्या फटींतून हवा खेळते. आत अंगाला चिकटून बसणारा, घाम पटकन वाळणारा बनियन घाला. सुती नको, तो भिजून जड होतो. आणि डाव बदलताना मास्क काढून पाणी पिणं हा कामाचाच भाग समजा.

तुमच्याकडे अंपायरचं गार्ड मिळत नसेल तर एक करता येईल. कॅचरच्या गार्डचा खांद्याचा भाग अनेकदा सुटा करता येतो आणि डावा-उजवा जोडता येतो. दोन्ही बाजूंना जोडून घ्या. आणि पट्टे वर ओढून गार्ड गळ्याच्या खळगीपर्यंत आणा. बहुतेकांचं गार्ड चार बोटं खाली घसरलेलं असतं आणि कॉलरबोन उघडी राहते.

डॉ_मिरजकर

धाग्यात एक गोष्ट आली पाहिजे, विशेषतः मुलगी चौदा वर्षांची आहे म्हणून.

छातीवर, हृदयाच्या बरोबर वर, चेंडूचा फटका बसला आणि तो हृदयाच्या ठोक्याच्या एका ठरावीक क्षणी बसला, तर हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरू लागतं, रक्त पुढे ढकलणं थांबतं. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. ईसीजीवर जी टी लहर दिसते तिच्या चढावर काही सहस्रांश सेकंदांची ती खिडकी असते. बरगडी मोडलेली नसते, हृदयाला जखम नसते. निरोगी मूल फटका बसल्यावर दोन पावलं चालतं आणि कोसळतं. हे घडतं क्वचित, पण घडतं तेव्हा बहुधा किशोरवयात, कारण या वयात छातीचा पिंजरा लवचिक असतो. फटका फार जोराचा असावा लागत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ताशी ४० मैलांच्या आसपासचा चेंडू सगळ्यात धोकादायक ठरला, आणि हा शाळकरी वेग आहे. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू डामार हॅमलिन मैदानावर कोसळला होता. त्याचं कारणही हेच होतं असं त्याने नंतर स्वतः सांगितलं. तो वाचला, कारण तिथे लगेच सीपीआर आणि विजेचा झटका मिळाला.

यासाठी नॉक्सी या अमेरिकी मानक संस्थेने छातीच्या गार्डसाठी एनडी २०० नावाचं मानक केलं. अमेरिकेतल्या हायस्कूल बेसबॉलमध्ये १ जानेवारी २०२० पासून कॅचरच्या गार्डने ते पाळणं सक्तीचं आहे. ही सक्ती कॅचरसाठी आहे, अंपायरसाठी नाही. प्रौढ अंपायरची छाती टणक झालेली असते, त्यामुळे ते काही अंशी समजू शकतं. पण तुमच्याकडे अंपायरच चौदा वर्षांची आहे. गार्डच्या आतल्या लेबलवर नॉक्सी, एनडी २०० आणि एसईआय (चाचणी झाल्याचं प्रमाणित करणारी संस्था) हे शिक्के शोधा. जाड फोम म्हणजे या धोक्यापासून संरक्षण असं नाही. चाचणी झालेली आहे की नाही, हेच बघायचं.

आणि मैदानावर एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे ते सामन्याआधी विचारा. झटका मिळायला उशीर झाला की दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. कुलूपबंद ऑफिसातलं यंत्र कामाचं नाही.

तेजस्विनी_एडिसन

डॉक्टर, वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं सांगितलंत. लेकीलाही वाचायला दिलं. आज पहिल्यांदा ती "किती जोरात टाकणार" म्हणाली नाही.

घरातल्या कॅचर किटचं लेबल पाहिलं. गार्ड २०२१ चं आहे आणि त्यावर एनडी २०० आणि एसईआय दोन्ही आहेत. पण खांदा उघडा, जसं वर लिहिलंय तसंच. आता पेच असा की अंपायरचं गार्ड घेतलं तर खांदा झाकला जातो पण शिक्का नाही. कॅचरचं ठेवलं तर शिक्का आहे, खांदा उघडा.

प्लेटमागचा

मी असतो तर कॅचरचंच ठेवलं असतं. दोन्ही खांद्यांच्या झडपा जोडायच्या, गार्ड वर ओढून बांधायचं. दहा वर्षांखालच्या सामन्यात कॉलरबोन मोडण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेला धोका मला जास्त गंभीर वाटतो. अंपायरचं गार्ड शिक्क्यासह मिळालं तर प्रश्नच मिटला. विकणाऱ्याला ईमेल करून लेबलचा फोटो मागवा, "सुरक्षित आहे" एवढ्यावर भागवू नका. ती अठराच्या पुढे गेली, मोठ्यांचे सामने करायला लागली, की मग कडक प्लेटांचं घ्या. विल्सनचं वेस्ट व्हेस्ट प्रसिद्ध आहे. जो वेस्ट नावाच्या अंपायरच्या नावाचं आणि त्याच्याच रचनेचं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, सर्वात जास्त, ५,४६० सामने त्याच्या नावावर आहेत. एवढे सामने प्लेटमागे आणि बेसवर काढलेल्या माणसाने बनवलेलं गार्ड खांद्याला इतकं नीट का बसतं, हे ते घातल्यावर कळतं.

तुमचे पैसेही वाचले. सगळे मास्कवर लावा.

जळगावचा_बापू

सगळं वाचलं. मुलीची काळजी घेताय हे चांगलंच आहे, पण थोडं अति होतंय असं मला वाटतं. आम्ही जळगावला ऐंशीच्या दशकात नुसता मास्क घालून पंचगिरी केली. काही झालं नाही. इतकं अंगावर चढवलं की पोरगी हलणार कशी, आणि खेळाडूंना तरी पंच म्हणून कशी दिसणार? उभं राहायचं कुठे आणि कसं ते शिकवा, साहित्य आपोआप कमी लागतं.

प्लेटमागचा

बापूकाका, उभं राहण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. नीट उभं राहणारा अंपायर अर्धा मार वाचवतो. पण पुढचं मला मान्य नाही.

उभं राहणं आणि साहित्य या जोडीने बदलत आलेल्या गोष्टी आहेत. मेजर लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. अमेरिकन लीगचे अंपायर पूर्वी हवा भरलेली मोठी ढाल शर्टाबाहेर दोन्ही हातांनी छातीशी धरायचे. तिच्यामुळे खाली वाकता येत नसे, म्हणून ते कॅचरच्या बरोबर मागे, डोक्यावरून बघायचे, आणि खालचे चेंडू त्यांना नीट दिसत नसत. नॅशनल लीगमध्ये बिल क्लेम या अंपायरच्या काळापासून शर्टाआतलं गार्ड रुळलं, त्यामुळे तिथले अंपायर बाजूच्या फटीतून खाली वाकून बघू शकले. अमेरिकन लीगने सत्तरच्या दशकात नव्या अंपायरांना आतलं गार्ड सक्तीचं केलं. बाहेरची ढाल वापरणारा शेवटचा अंपायर जेरी न्यूडेकर, तो १९८५ च्या सीझननंतर निवृत्त झाला. म्हणजे आज आपण ज्या जागी उभं राहायला शिकवतो ती जागाच गार्डमुळे शक्य झाली. त्या फटीत नुसत्या मास्कवर उभं राहिलं तर कॉलरबोन पणाला लावल्यासारखं आहे.

आणि काका, तुमच्या काळी काही झालं नाही हे तुमचं कौशल्य आणि नशीब दोन्ही. चौदा वर्षांच्या मुलीला मी नशिबावर सोडणार नाही.

जळगावचा_बापू

पटलं. ढालीचं मला माहीत नव्हतं. एक मात्र माझ्याकडून लिहून घ्या: सामन्याआधी दोन्ही संघांच्या कॅचर सराव करताना पाच मिनिटं बघायच्या. कोण डोळे मिटते, कोण उजवीकडचा चेंडू सोडते, ते कळतं. त्याप्रमाणे मुलीने अर्धं पाऊल मागे राहायचं.

कॅल्गरीकर_मेधा

हेल्मेट की मास्क, यावर अजून कोणी नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. माझा मुलगा आणि मी, दोघंही इथे बेसबॉलला उभे राहतो. मी हेल्मेटवाली.

हॉकी गोलकीपरसारखं हेल्मेट बेसबॉलमध्ये आणलं टोरांटोच्या चार्ली ओ'ब्रायनने, १९९६ मध्ये. तो कॅचर होता. मास्कवर एकामागून एक फाउल खाल्ल्यावर हॉकीचा सामना बघताना त्याला ही कल्पना सुचली. गोल आकारामुळे चेंडू घसरून जातो, कान आणि डोक्याचा मागचा भाग झाकला जातो. लहान मुलामुलींच्या सामन्यात बॅटचा मागे फिरणारा फटका हा मोठा धोका असतो. बॅटर फिरून बॅट सोडते आणि ती कधी कॅचरच्या, कधी अंपायरच्या डोक्याच्या बाजूला लागते. जाळीच्या मास्कमध्ये तिथे नुसती टोपी असते. या एकाच कारणासाठी मी मुलीला हेल्मेट सुचवेन.

तोटेही सांगते. गरम होतं. जड असतं. चेंडू वर उडाला की मास्क डाव्या हाताने झटकन काढून वर बघायचं असतं, उजवा हात निर्णयासाठी मोकळा. हेल्मेट तेवढं पटकन निघत नाही, सराव करावा लागतो. आणि हेल्मेट अगदी मापाचं हवं. मोठं घेतलं, "वाढत्या वयाची आहे" म्हणून, तर आतल्या आत डोकं आपटतं.

प्लेटमागचा

मेधाताई, मी स्वतः जाळीचा मास्क घालतो आणि मोठ्यांच्या सामन्यासाठी तोच सुचवेन. समोरून बसलेल्या जोरदार फाउलला तो चेहऱ्यापासून दूर राहून, थोडा फिरून धक्का खातो, हेल्मेट डोक्याला घट्ट असल्याने तो धक्का डोक्याकडे जास्त जातो असा माझा अनुभव आहे. स्प्रिंग बसवलेले मास्कही आता मिळतात. मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक स्तरावर) अंपायरिंग केलेल्या जेसन क्लाइनने फोर्स३ कंपनी काढली, त्यांच्या मास्कमध्ये जाळी आणि गादीच्या मध्ये स्प्रिंगा आहेत. पण किंमत तुमच्या बजेटच्या बरीच वर जाते.

बॅटच्या मागच्या फटक्याचा तुमचा मुद्दा मात्र दहा वर्षांखालच्या सामन्यात खरा आहे. इथे मी तुमच्या बाजूने. या मुलीला हेल्मेट.

मुलुंडचा_अंपायर

मी क्रिकेटवाला, पण विषय माझ्याही डोक्यात बरीच वर्षं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये दिंडिगलला रणजी सामन्यात ऑस्ट्रेलियन पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्याला फटका लागला. पुढच्या महिन्यात कॅनबेराच्या एकदिवसीय सामन्यात ते हेल्मेट घालून उभे राहिले. ब्रूस ऑक्सनफर्ड हातावर पारदर्शक ढाल बांधून उभे राहायचे. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये इस्रायलमध्ये अश्दोदला हिलेल ऑस्कर हे पंच चेंडू लागून गेले. इस्रायलच्या क्रिकेट संघाचे ते माजी कर्णधार. बातम्यांत त्यांचं आडनाव आवासकर असंही आलं होतं. वाचून मी बराच वेळ सुन्न होतो.

ताई, तुमची लेक कधी बेसवरही उभी राहील. तिथे काही घालत नाहीत ना? मला ते विचित्र वाटतं.

कॅल्गरीकर_मेधा

नाही, बेस अंपायर टोपी आणि शर्टावरच असतो. बेसवरच्या प्रशिक्षकांना मात्र हेल्मेट आलं. जुलै २००७ मध्ये मायनर लीगच्या सामन्यात माइक कूलबॉ हा पहिल्या बेसचा प्रशिक्षक चेंडू लागून मरण पावला, आणि २००८ पासून मेजर लीगने बेसवरच्या प्रशिक्षकांना हेल्मेट सक्तीचं केलं. अंपायरचं कोणी मनावर घेतलं नाही. ज्युनिअर अंपायरने बेसवर उभं राहताना बॅटिंग हेल्मेट घातलं तर मी तरी तिला कधी काढायला लावणार नाही.

अंबानगरी_सॉफ्टबॉल

तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांची छापील प्रत काढून जिल्ह्यातल्या दोन-तीन सहकाऱ्यांना दिली. आम्ही वर्गणी काढून पंचांसाठी एक स्वतंत्र किट घेतोय. गार्ड जालंधरहून मागवतोय, खांद्याच्या झडपा दोन्ही बाजूंना लावून द्या असं सांगितलंय. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, तेव्हा इथे खेळायला येणाऱ्या पोरी वाढतील, आणि पंचही लागतील.

किट एकच आणि वापरणारे चार, तर घामाचं काय करायचं?

प्लेटमागचा

फार आनंद झाला सर. गादी वेल्क्रोने निघते, ती काढून साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नको, आणि वॉशिंग मशीनमध्ये तर नकोच, फोम लवकर कडक होतो. शक्य असेल तर गादी प्रत्येकाची वेगळी ठेवा, जाळी सामाईक. ओलं किट पिशवीत बंद करून ठेवू नका.

दर सामन्याआधी जाळीचे जोड बोटाने चाचपून बघा. वेल्डिंगला चीर दिसली किंवा तार आत दबली तर तो मास्क बाद. हातोडीने सरळ करून परत वापरू नका, वाकलेली तार तिथे कमजोर झालेली असते. फोम दाबून सोडला आणि तो परत फुगला नाही, तर गादी बदला. जुनं साहित्य विकत घेताना शिन गार्ड आणि पिशवी खुशाल घ्या, पण हेल्मेट आणि गादी कधीही जुनी नको. त्याने काय काय सोसलंय ते वरून दिसत नाही.

डॉ_मिरजकर

एक राहिलं. मास्कवर जोरात चेंडू बसला आणि त्यानंतर डोकं दुखतंय, प्रकाश टोचतोय, मळमळतंय, बॉल-स्ट्राइकचा आकडा आठवत नाही, असं काही झालं तर त्या दिवशी अंपायरिंग बंद. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवूनच परत उभं राहायचं. अंपायर मुलं हे लपवतात, कारण त्यांच्या जागी उभं राहायला दुसरं कोणी नसतं. लीगला आधीच सांगून ठेवा की मुलगी "मला बरं वाटत नाही" म्हणाली तर सामना थांबेल, तिला कोणी आग्रह करणार नाही.

तेजस्विनी_एडिसन

ही खरेदी झाली. लेकीच्या डोक्याचं माप घेऊन हेल्मेट, त्यावर लोंबती गळापट्टी. कॅचरचं जुनं गार्डच, दोन्ही खांद्यांच्या झडपा लावून. अंपायरचे शिन गार्ड, पेल्विक गार्ड आणि कडक टोकाचे बूट. बजेटमध्ये बसलं. एईडी कुठे आहे ते लीगला विचारलं. ते ऑफिसात कुलपात होतं, आता सामन्याच्या वेळी डगआउटपाशी (खेळाडू बसतात तिथे) आणून ठेवणार आहेत. शेडमधलं जुनं साहित्यही त्यांनी टाकायचं ठरवलंय.

एक शंका. ती वाकून उभी राहिली की गळापट्टी आणि गार्डची वरची कड यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहते. मान वर केली की आणखी वाढते. हे चालेल?

प्लेटमागचा

नाही चालणार, पण सोपं आहे. ती प्रत्यक्ष उभी राहते त्या पवित्र्यातच माप घ्या, सरळ उभं करून नाही. गार्डचे खांद्याचे पट्टे अजून एक घर आवळा, म्हणजे गार्ड वर येईल. तरी फट राहिली तर लांब गळापट्टी मिळते, ती लावा. पट्टी पुढे झुकलेली हवी, गळ्याला चिकटलेली नको, नाहीतर फटका सरळ गळ्यावर जातो. मग तिला आरशासमोर बसवा, पिचरकडे बघतेय तसं बघायला सांगा, आणि तुम्ही समोरून चेंडू हातात धरून त्या फटीला लावून बघा. ११ इंची चेंडू गळ्याला टेकला नाही पाहिजे. पुढे बेसबॉलला जाईल तेव्हा हेच माप बेसबॉलचा लहान चेंडू घेऊन परत करा.